चौदा नंबरची ताटली

ऑस्ट्रेलियातल्या बूलाकिल गावच्या शेतकी प्रदर्शनात मनुकांच्या केकचं पहिलं बक्षीस कुणाला, हा प्रश्नच नसायचा. ते एनिड लॉबला. दुसरं वॉली नॉस्केला. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि आमच्या गावात एखादी गोष्ट अकरा वर्षं चालली की लोक तिला हवामानात जमा करतात. कुरकुर करायची, पण बदलेल अशी आशा धरायची नाही.

आशा धरून होता तो एकटा वॉली. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, धान्याच्या कोठाराच्या मागे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि घरात एक ओव्हन. तो ओव्हन मात्र असा लख्ख, की पाद्री घरी आला तर आधी त्याच्यासमोरच हात जोडेल.

वॉली पंधराव्या वर्षी घरातून बाहेर पडला तो मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर. कातरणारा म्हणून नव्हे, बटाटे सोलणारा म्हणून. विसाव्या वर्षी टोळीचा मुख्य स्वयंपाकी झाला आणि पुढची चाळीस वर्षं लोकर कातरायच्या या शेडवरून त्या शेडवर फिरत तीस-तीस, चाळीस-चाळीस दांडग्यांना जेवू घालत राहिला. पहाटे साडेपाचला चहा, मग न्याहारी, मग चहा आणि केक, मग मटण, मग पुन्हा चहा आणि केक, मग पुन्हा मटण. चूल लाकडाची, छप्पर पत्र्याचं, माश्या फुकट. आणि कातरणाऱ्या माणसाची जीभ तर तुम्हाला ठाऊकच आहे. मटण जास्त शिजलं की शिवी, कमी शिजलं की शिवी, बरोबर शिजलं की मुकाट्याने खाली मान. वॉली म्हणायचा, चाळीस वर्षांत माझी जेवढी स्तुती झाली ती सगळी चहाच्या एका चमच्यात मावेल आणि वर साखरेला जागा उरेल.

म्हणून त्याला ती निळी रिबीन हवी होती. पहिल्या बक्षिसाची. तिची किंमत म्हणाल तर शून्य; साटिनची वीतभर पट्टी. पण ती देणारी बाई परगावची असते, केक या विषयात तिने उभा जन्म घालवलेला असतो, तिला ना कुणाचा मुलाहिजा ना कुणाशी वाकडं. अशा बाईने एकदा, फक्त एकदा म्हणावं की वॉली नॉस्के, तुझ्या हाताला चव आहे. मग खुशाल डोळे मिटले तरी चालतील, असं तो म्हणायचा. अर्थात हे सगळं तो फक्त आपल्या कुत्रीला सांगायचा. गावात कुणाला सांगितलं असतं तर त्याची वर्षभर टर उडाली असती.

दर वर्षी तो दुसरा यायचा आणि दर वर्षी ताटलीखाली परीक्षक बाईची चिठ्ठी असायची. ‘साच्यातल्या कागदाची घडी केकवर उमटली आहे.’ ‘कोपरा किंचित गोल.’ ‘मनुकांचे तुकडे एकसारखे नाहीत.’ चवीबद्दल अवाक्षर नाही. कारण आमच्याकडच्या परीक्षक बाया केक खातात कुठे? मधून काडीपेटीच्या काडीएवढा पातळ काप काढतात, उजेडाकडे धरतात, वास घेतात आणि जिभेच्या टोकावर एक कण ठेवून लगेच पाणी पितात. औषध घेतात की काय, असं वाटावं. कृती सगळ्यांना एकच, नियमावलीत छापलेली. त्यामुळे भांडण उरतं ते कोपऱ्यांचं आणि घडीचं. त्यात एनिडचा हात कोण धरणार? ती मनुका कापताना शेजारी फूटपट्टी ठेवते असं लोक म्हणायचे. मी स्वतः पाहिलेली नाही, पण ठेवत असेल. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतानासुद्धा ती बाई पाठ भिंतीसारखी सरळ ठेवून बसते.

या वर्षी वॉलीचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. हात थरथरायला लागले होते. पूर्वी जेवढ्या मनुका एका संध्याकाळी चिरून व्हायच्या त्यांना तीन संध्याकाळी लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी बोट कापलं ते वेगळंच. पट्टी बांधता बांधता त्याने कुत्रीला सांगितलं की हा शेवटचा केक. मिळाली रिबीन तर मिळाली, नाही तर चौकट रिकामी. चौकट त्याने खरोखरच भिंतीवर लावून ठेवली होती, अकरा वर्षांपूर्वी, पहिल्याच खेपेला. माणसाने इतकंही उतावीळ असू नये.

प्रदर्शनाची सकाळ उजाडली. स्पर्धेत उतरलेल्याने परीक्षणाच्या वेळी हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही, असा कडक नियम. म्हणून गावाने वॉलीला दारावरच बसवलेला, गेली सात वर्षं. चोराच्याच हाती किल्ली दिली की चोरी होत नाही, असं त्यामागचं डोकं. खुर्ची, थर्मास, आणि मांडीवर घडी घातलेला पांढरा कोट. परीक्षक बाई आल्या की कोट त्यांच्या अंगावर चढवायचा, आत ग्वेन्डाच्या ताब्यात द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. ग्वेन्डा पार्सन्स म्हणजे केक विभागाची मुख्य. वही, पेन्सिल आणि चष्म्याची साखळी घेऊन ती सतरा केकांच्या टेबलापाशी पहाटेपासून उभी होती.

या वर्षी परीक्षक नवीन होत्या. मिसेस ऑल्डरटन, पार दक्षिणेकडच्या. त्यांना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. पण त्यात काळजीचं काय? बूलाकिलची वस्ती तीनशे बारा. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नऊला, दुकानं बंद, खानावळ बंद, सगळं गाव मैदानावर, अशा वेळी जो चेहरा ओळखीचा नाही तो परीक्षकाचा, हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्याकडे गेली साठ वर्षं परीक्षक असेच ओळखतात आणि कधी चूक झालेली नाही.

नऊला पाच मिनिटं असताना एक धुळीने माखलेली गाडी येऊन थांबली. पन्नाशीची एक ठसठशीत बाई उतरली, इकडेतिकडे पाहत वॉलीपाशी आली आणि म्हणाली की गाव सगळं बंद दिसतंय, कोपऱ्यावरच्या माणसाने इथे पाठवलं, इथे म्हणे खायला मिळेल.

वॉलीला हा विनोद फार आवडला. आजवरच्या परीक्षक बायांना विनोद म्हणजे काय हे माहीत नव्हतं. “खायला?” तो म्हणाला. “बाई, सतरा केक तुमची वाट बघतायत. हात वर करा.” आणि तिने काही विचारायच्या आत त्याने तिला कोटात घातलं, वरची दोन बटणं स्वतः लावली आणि हॉलचं दार उघडलं.

नियमाप्रमाणे दार लावून घेतलं. पण त्या दाराच्या फळीत, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यापाशी, वीतभर फट आहे आणि तिच्यातून केकचं टेबल स्वच्छ दिसतं, ही गोष्ट वॉलीला सात वर्षांपासून ठाऊक होती. नियम आत पाय ठेवण्याबद्दल आहे, डोळ्याबद्दल नाही.

बाईने टेबलाकडे पाहिलं, ग्वेन्डाकडे पाहिलं आणि विचारलं की खरंच सगळ्यातला खायचा का. ग्वेन्डा म्हणाली, तर काय, सगळ्यातला खायलाच हवा, आणि मग पहिला नंबर सांगायचा. मग बाईने सुरी उचलली. पहिल्या केकची फोड काढली ती बोटभर जाड. ग्वेन्डाची पेन्सिल जागच्या जागी थांबली. पण परीक्षकाला शिकवणार कोण? बाईने ती खाल्ली, चांगली चावून, आणि म्हणाली, छान आहे, जरा कोरडा. दुसरा गोड जास्त. पाचवा तिला आवडला. नववा एनिडचा होता. त्याचे कोपरे बघून बाई म्हणाली, अगंबाई, हा कापवत नाही गं. शेवटी जपून पातळशी फोड काढली, खाल्ली आणि खूप सुरेख म्हणून पुढे सरकली.

चौदाव्या ताटलीपाशी ती थांबली. फोड तोंडात घातली आणि बोलणं बंद झालं. फटीला डोळा लावलेला वॉली खुर्चीच्या कडेपर्यंत सरकला, कारण चौदा नंबर त्याचा. बाईने डोळे मिटले. मग दुसरी फोड काढली. मग शेजारची खुर्ची ओढली, बसली आणि तिसरी काढली.

“हा कुणी केलाय?” तिने विचारलं.

ग्वेन्डा गडबडली. नाव सांगायचं नसतं, असं ती म्हणाली.

“बरं, नका सांगू. पण ज्याने केलाय त्याने भुकेल्या माणसांना जेवू घातलेलं आहे. हे लपत नाही. पहिला नंबर म्हणालात ना तुम्ही? हाच पहिला.” आणि तिने चौथी फोड घेतली.

वॉली खुर्चीवरून उठला तो सरळ मेंढ्यांच्या गोठ्यामागे गेला. तिथे एका बक्षीसपात्र मेंढ्याच्या गळ्याला मिठी मारून तो रडला असं मेंढ्याचा मालक आजही सांगतो. वॉली म्हणतो डोळ्यांत लोकर गेली. काय असेल ते असो, परत येताना त्याची चाल पंचविशीतल्या गड्याची होती आणि गुडघे नावालाही कुरकुरत नव्हते. चाळीस वर्षांचे चाळीस दांडगे त्याच्या डोळ्यांसमोर रांगेत उभे होते आणि प्रत्येकाला तो सांगत होता, ऐकलंत का रे, हरामखोरांनो?

परत येऊन तो खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच दुसरी गाडी आली. हिचा पुढचा दिवा फुटलेला, जाळी आत गेलेली. तिच्यातून उतरल्या त्या एक काटकुळ्या, करड्या सूटमधल्या बाई, काखेत नियमावली. उशीर झाल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. वाटेत कांगारू आडवा आला. मी ऑल्डरटन, माझा कोट कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

वॉलीला सगळा घोळ कळला. आता पाहा हं, त्या क्षणी साऱ्या जगात हे कळलेला तो एकटाच माणूस होता. आत रिबीन चौदा नंबरच्या ताटलीवर पडली होती. ग्वेन्डाने वहीत नोंद केली होती. बाहेरच्या बाईंना त्याने सांगितलं असतं की उशीर झाला म्हणून आम्ही दुसरी व्यवस्था केली, तुम्ही चहा घ्या, कोंबड्यांचा विभाग बघा, तर त्यांनी कदाचित ऐकलंही असतं. हे सगळं त्याच्या मनात आलं. आलं नाही असं म्हणणारा वॉली मला खोटारडा वाटला असता, आणि तो तसं म्हणत नाही. तो म्हणतो, मी थर्मासचं झाकण तीनदा उघडलं आणि तीनदा लावलं.

मग तो म्हणाला, “बाई, तुमचा कोट मी भलत्याच माणसाला घातलाय.”

आत जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. ग्वेन्डा मटकन खाली बसली. कोटातली बाई उभी राहिली, तोंडात घास तसाच. तिचं नाव डेस्पिना. मेलबर्नहून मिल्ड्युराला लेकीकडे निघाली होती, आदल्या दुपारपासून पोटात अन्न नव्हतं. “मी नुसतं विचारलं कुठे खायला मिळेल,” ती म्हणाली. “यांनी मला कोट घातला आणि सतरा केक पुढे ठेवले. मला वाटलं, काय हे गाव! पाहुण्याचं असंच करत असतील.”

पहिल्यांदा हसल्या त्या ऑल्डरटनबाई, आणि त्यांना हसू येतं याचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं. पण हसू ओसरल्यावर कोट चढवून त्या कामाला लागल्या, आणि मग मात्र नियम म्हणजे नियम. सोळा केक पुन्हा तपासता येत होते. फोडी जाड होत्या, तरी केक उभे होते. चौदा नंबरपाशी त्या थबकल्या. डेस्पिनाने अर्ध्याहून जास्त केक संपवला होता. नियम सहावा: परीक्षणाच्या वेळी निदान अर्धा तरी पदार्थ ताटलीत असावा. त्यांनी ताटलीपुढे कार्ड ठेवलं. ‘नियमाबाहेर.’ ‘कारण’ या रकान्यात त्यांनी शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं: ‘खाल्ला गेला.’

निळी रिबीन नऊ नंबरवर गेली. एनिड लॉब, बारावं वर्ष. वॉलीला दुसराही नंबर नाही, तिसराही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खरं बोलला नसता तर रिबीन घरी गेली असती. दाराशी उभं राहून त्याने हे सगळं ऐकलं आणि त्याला भयंकर वाईट वाटलं. तो काही संत नव्हे.

डेस्पिनाचा चेहरा तर रडकुंडीला आलेला. माझ्यामुळे झालं, माझ्या हावरटपणामुळे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिने बिचकत ऑल्डरटनबाईंना विचारलं की तो केक आता स्पर्धेत नाही म्हणता, मग उरलेला खाल्ला तर चालेल का. बाईंनी नियमावली चाळली. त्याविरुद्ध काही नव्हतं. मग डेस्पिनाने एक फोड ग्वेन्डाला दिली, एक लोणची-मुरंब्याच्या टेबलावरच्या बायांना, आणि परीक्षण संपवून कोट काढलेल्या ऑल्डरटनबाईंनाही एक. त्यांनी ती खाल्ली. पाणी प्यायल्या नाहीत.

“दुसराच आला असता,” त्या वॉलीला म्हणाल्या. “डावा कोपरा गोल आहे. आणखी एक फोड आहे का?”

नव्हती. ताटलीवर चार कण होते, तेही ग्वेन्डाने बोटाने टिपले.

दुपारी बाराला हॉलचं दार उघडलं आणि आमच्या गावात बातमी पायाने चालत नाही, उडत जाते. निळ्या रिबिनीच्या केकपुढून लोक भराभर पुढे जात होते आणि चौदा नंबरच्या रिकाम्या ताटलीपुढे ही मोठी रांग. ‘खाल्ला गेला’ हे कार्ड वाचून बाप्ये पोट धरून हसत होते. ट्रॅक्टरवाल्या मॅक्‌लीशने टोपी काढली, जणू कुणी वारलंय. जुन्या टोळीतला एक कातरणारा, आता काठी टेकत चालणारा, रांगेतून पुढे आला आणि वॉलीला म्हणाला की शेडवर असताना दुपारच्या चहाला तुझा केक असायचा, तेव्हा आम्ही शेवटची मेंढी जरा घाईतच सोडायचो. एवढंच. पण कातरणाऱ्याच्या तोंडून हे म्हणजे दगडाला पाझर.  वॉली म्हणाला, मग तेव्हा बोलायला काय जीभ झडली होती का?

एनिड आली ती गर्दी जरा कमी झाल्यावर. ती दोघं बारा वर्षं एकमेकांशी पावसावर बोलली, गव्हावर बोलली, मेलेल्या माणसांवर बोलली. केकवर एकदाही नाही. ती आपल्या केककडे गेलीच नाही. चौदा नंबरपुढे उभी राहिली, पाठ नेहमीसारखी सरळ, हातातली पर्स घट्ट धरून.

वॉलीने अभिनंदन केलं. तोंडदेखलं नव्हे, मनापासून करायचा प्रयत्न केला.

“माझा दर वर्षी इथून अख्खा घरी जातो,” एनिड म्हणाली. “रॉयला मनुका आवडत नाहीत. पोरं शहरात. मी तो कपाटात ठेवते, आणि मग एक दिवस कोंबड्यांना घालते.”

 बारा वर्षं या बाईला वॉली मनातल्या मनात काय काय म्हणाला होता, ते सगळं त्याला आठवलं.

आणि मग एनिड लॉबने, जिने आयुष्यात कधी लाल दिव्यावर गाडीसुद्धा पुढे काढली नसेल (आमच्या गावात लाल दिवा नाही, ते सोडा), नऊ नंबरच्या केकवरची निळी रिबीन उचलून बाजूला ठेवली आणि ग्वेन्डाच्या टेबलावरची सुरी आणली. प्रदर्शन संपेपर्यंत केकला हात लावायचा नाही हा नियम पाठ असलेली एकमेव बाई ती. ग्वेन्डाने तोंड उघडलं. एनिडने तिच्याकडे पाहिलं. ग्वेन्डाने तोंड मिटलं.

“काप,” एनिड म्हणाली आणि सुरी वॉलीच्या हातात दिली. “जाड काप. शेडवर कापायचास तशी.”

त्याचा हात थरथरत होता. ते कोपरे बघून सुरी टेकवायला जीव होईना. तरी त्याने कापली, बोटभर जाड फोड, आणि बारा वर्षं ज्या केककडून हरला होता तो पहिल्यांदा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. एनिड त्याच्या तोंडाकडे बघत होती. शाळेतली पोर निकालाच्या दिवशी बघते तशी.

वॉलीने घास गिळला, रुमालाने मिशी पुसली आणि तिला सांगितलं, “एनिड, हा पहिलाच आहे गं.”

बारा निळ्या रिबिनी जिंकलेली ती बाई भर हॉलमध्ये रडायला लागली. पर्समध्ये रुमाल सापडेना, म्हणून वॉलीने मिशी पुसलेला आपलाच दिला, आणि तिने तो घेतला. मग त्याने उरलेल्या केकच्या फोडी केल्या, रांगेतल्या सगळ्यांना वाटल्या, डेस्पिनाला वाटेसाठी दोन कागदात बांधून दिल्या, आणि तीन वाजायच्या आत नऊ नंबरची ताटलीही रिकामी झाली.